जामखेडची वायरलेस गाडी

ती घटना आठवली की आजही मला आधी दरोडेखोर आठवत नाहीत, माझाच आवाज आठवतो. सकाळच्या हजेरीला, ठाण्याच्या अंगणात, वीस माणसांसमोर मी एका माणसाला फितूर म्हणालो होतो. नोकरीत मी पुष्कळांवर ओरडलो. ओरडणं हा त्या काळी फौजदाराच्या गणवेशाचाच भाग समजला जाई. पण त्या एका शब्दाची लाज माझ्या पेन्शनीतही माझ्याबरोबर आली आहे. संबंधितांची नावं मी घेणार नाही. माझं स्वतःचं घ्यायला हरकत नव्हती, पण नियम सगळ्यांना सारखा.

दुसरं महायुद्ध संपून दीड-दोन वर्षं झाली होती आणि मी जामखेडला फौजदार होतो. तालुका आमचा इंग्रजी अमलातला, पण सभोवती निजामाचं राज्य. लोक त्याला मोगलाई म्हणत. काही ठिकाणी शेत इकडे आणि त्याची विहीर तिकडे, असा प्रकार. चोराला याहून मोठी सोय कोणती? इकडे लुटायचं, ओढा ओलांडायचा आणि पलीकडच्या काठावर बसून निवांत चिलीम पेटवायची. आम्हाला परवान्याशिवाय पलीकडे पाऊल टाकता येत नसे.

सात-आठ जणांची एक टोळी बाजार करून परतणाऱ्या बैलगाड्या अडवत असे. एका गाडीवानाने बैल सोडायला नकार दिला, तर त्याच्या हातावर कुऱ्हाड घातली. हात गेला. त्याची जबानी मी दवाखान्यात घेतली. अंगठा घ्यायची वेळ आली तेव्हा त्याने डावा हात पुढे केला आणि विचारलं, "ह्यो चालंल का, साहेब?" त्या दिवसापासून ही टोळी मला झोपेतही स्वस्थता देईना.

आमची अडचण एकच होती. टोळी दिसल्याची खबर घोड्यावरून ठाण्यात येईपर्यंत टोळी मोगलाईत पोचलेली असे. म्हणून जिल्ह्याच्या साहेबांनी नगरहून आम्हाला एक गाडी दिली. लष्कराने मोडीत काढलेली, मागे ताडपत्रीचं छप्पर, आणि आत बिनतारी यंत्र. जिल्ह्यात अशी गाडी नवलाईचीच. गाडीबरोबर ऑपरेटर आला. नगर शहरातला मुसलमान, वय तिशीच्या आसपास, लढाईत लष्कराच्या सिग्नल तुकडीत काम केलेला. माणसं त्याला उस्ताद म्हणू लागली, मीही तेच म्हणतो.

प्रवासात यंत्र खिळखिळं झालं होतं. उस्तादाने ते सगळं उतरवून आमच्या अंगणात नव्याने बसवलं. सेटखाली टायरचे रबरी तुकडे घातले, हादरे बसू नयेत म्हणून. एरियलची आठ फुटी काठी मागच्या बाजूला उभी केली. तारेचं एक टोक गाडीच्या पत्र्याला जोडायचं होतं, तर तिथला रंग खरवडून पत्रा पांढराशुभ्र होईपर्यंत घासला. मी म्हणालो, "सरकारी गाडीचा रंग काय काढता?" तो म्हणाला, "साहेब, रंगावरून जोडलं तर सेट जागेवर राहील, पण बोलणार नाही." ठाण्यात दुसरा सेट बसवला आणि एका शिपायाला तो चालवायला शिकवलं. कळ दाबली की बोलायचं, सोडली की ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही, हे त्या शिपायाच्या डोक्यात शिरायला चार दिवस लागले.

बॅटऱ्यांचा मात्र प्रश्न होता. सेट त्या पाण्यासारख्या पिऊन टाकी. उस्ताद म्हणाला, "रोज तासभर गाडीचं इंजिन चालू ठेवू. थोड्या थोड्या भरत राहतील." पेट्रोल तेव्हा कूपनावर. मी ठणकावून सांगितलं, इंजिन उभ्या गाडीत जाळायचं नाही. गावात तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी होती आणि गिरणीवाल्याकडे एक जुना डायनॅमोही होता. ज्या दिवशी मोहीम असेल, त्याच्या आदल्या दिवशी बॅटऱ्या गिरणीत न्यायच्या, एरवी नाही, असा हुकूम मी काढला. स्टेशन डायरीत तशी नोंदही केली. काटकसरीबद्दल मला माझं फार कौतुक वाटलं होतं.

पहिली खबर एका गावच्या पोलीस पाटलाने दिली. उद्या दुपारी टोळी अमुक ओढ्यात उतरणार. आम्ही गेलो. ओढ्यात गुरांखेरीज कोणी नव्हतं. दहा दिवसांनी दुसरी खबर आली, तीही पक्की. या वेळी ओढ्यात चूल सापडली. राख गरम होती आणि तव्यावर अर्धी भाकरी तशीच होती. पाटील माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, त्येन्ला तुमी येनार ते ठावं हुतं. घाईत न्हाई गेले, आवरून गेले."

ते खरं होतं. पळणारा माणूस सगळंच टाकून जातो, पण इथे तापलेल्या तव्याखेरीज पिठाची पिशवी, घोंगड्या, दोऱ्या सगळं नेलेलं होतं. आमच्यातलाच कोणीतरी फुटला होता. मोहिमेची वेळ मला, जमादाराला, ड्रायव्हरला आणि उस्तादाला माहीत असे. जमादार माझ्याबरोबर बारा वर्षं होता. ड्रायव्हर त्याचा मेव्हणा. राहिला उस्ताद.

चौकशीत कळलं की त्याची बहीण मोगलाईत दिली होती, हद्दीपासून दोन कोसांवर. ईदेला तो तिकडे जाऊन आला होता. रजेच्या अर्जावर त्याने 'घरगुती काम' लिहिलं होतं. माझ्या दृष्टीने खटला तिथेच संपला. आणि तो मुसलमान होता. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिलं नाही तर या आठवणी लिहिण्यात अर्थ नाही. त्या वर्षांत हवाच अशी होती की, संशयाला बसायला माणूस हवा असला की तो आधी कुणाच्या दारात जाई, ते सांगायला नको.

मी त्याला खोलीत बोलावून तीन तास उभं केलं.

"बहिणीकडे काय निरोप नेलास?"

"निरोप नाही, साहेब. भाचीला बांगड्या नेल्या."

"अर्जात खरं का लिहिलं नाहीस?"

"मोगलाईत जातो लिहिलं असतं तर रजा दिली असती?"

उत्तर बरोबर होतं, म्हणूनच मला राग आला. मी टेबलावर मूठ आपटली. सेटवरून तो टोळीला खुणा करतो, असंही म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, ओढ्यातल्या माणसाकडे सेट कुठला? आणि तुम्ही मघापासून कळ दाबूनच बसलात. सोडा, म्हणजे माझं ऐकू येईल."

मी हे उद्धटपणाचं लक्षण मानलं. दुसऱ्या दिवशी हजेरीत सगळ्यांसमोर तो शब्द उच्चारला, त्याला कामावरून दूर केलं आणि पोलीस लाइनीतल्या खोलीबाहेर जायला बंदी केली. दारात शिपाई बसवला. नगरला गोपनीय अहवाल पाठवला. तिकडून उत्तर आलं: सोमवारी त्याला पहाऱ्यात रवाना करावं, पुढे खटल्याचं पाहू. त्या खटल्याचा शेवट काय होणार हे मला, त्याला आणि भिंतीलाही कळत होतं. नोकरी जाणार, वर चार-सहा वर्षं तुरुंग.

सोमवारच्या आधीच टोळी पकडून आपलं म्हणणं सिद्ध करावं, अशी मला खुमखुमी आली. बुधवारी ड्रायव्हरकडून बॅटऱ्या गिरणीत पाठवल्या. कारण कोणालाच सांगितलं नाही. जमादारालासुद्धा नाही. उस्तादाच्या दारावर तर पहारा होता. गुरुवारी पहाटे त्या शिकाऊ शिपायाला सेटवर बसवून निघायचं, हे फक्त माझ्या डोक्यात होतं.

दिवेलागणीला घरी गेलो तर आमच्या सौभाग्यवती दशम्या लाटत होत्या. दशम्या म्हणजे प्रवासाची तयारी.

"हे कशाला?" मी विचारलं.

"अहो, कशाला म्हणजे? उद्या पहाटे निघणार ना तुम्ही?"

मी बूट काढता काढता थांबलो. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? दळण परत आलं की. गिरणीवाला म्हणाला, आज फौजदारसाहेबांची बॅटरी लागली, दळण उद्या. शेजारून पीठ उसनं आणलं बघा."

"म्हणून मी उद्या निघणार, हे तुला कळलं?"

"मलाच काय, सगळ्या आळीला माहीत आहे. मागच्या दोन्ही खेपेला असंच झालं. बायका म्हणतात, दळण परत आलं की दुसऱ्या दिवशी फौजदारांची स्वारी निघणार."

मी तसाच उठून गिरणीवर गेलो. गिरणीवाला साधा माणूस. त्याने मला सगळं दाखवलं. इंजिन एक, पट्टा एक. तो पट्टा डायनॅमोवर चढवला की जात्याचे दगड बंद. मग दळण घेऊन आलेल्या प्रत्येकाला तो खरं कारण सांगून परत पाठवी. "खोटं कशापायी बोलू, साहेब? सरकारचं काम हाय, लोकं समजून घेत्यात." सबंध जामखेडला मी दवंडी पिटून मोहीम जाहीर करत होतो, आणि फितूर म्हणून कोंडलं होतं त्याला, ज्याने बॅटऱ्या गाडीच्या इंजिनावरच भरू असं मला आधीच सांगितलं होतं.

जमादाराला घरी बोलावलं आणि प्रथमच सगळं मोकळेपणी सांगितलं. गुरुवारची मोहीम रद्द केली, पण बॅटऱ्या पुरत्या भरल्या नाहीत अशी सबब काढून गिरणी आणखी एक दिवस बंद ठेवली. जमादार साध्या धोतरात, ज्वारीचं गाठोडं घेऊन, दळण मिळेल या आशेने बसल्यासारखा ओट्यावर बसून राहिला. दुपारी त्याने येऊन सांगितलं, "साहेब, लई मानसं आली आन् शिव्या घालत माघारी गेली. एकच मानूस काय बोलला न्हाई. टांगेवाला. घोडीचा हरभरा भरडायला आनला हुता. गाठुडं तसंच टांग्यात टाकलं आन् हद्दीच्या रस्त्याला लागला. टांगा रिकामा."

गिऱ्हाइकाशिवाय दहा मैल टांगा कोण हाकतो? परतीच्या वाटेवर आम्ही त्याला गाठलं. या वेळी मी ओरडलो नाही. त्याच्या घोडीला आधी पाणी पाजायला सांगितलं आणि मग विचारलं, "घोडी चांगली आहे. किती वर्षं झाली?" एवढ्यावर तो माणूस रडायला लागला.

"साहेब, मी त्येन्ला तोंडानं कायबी सांगितलं न्हाई, आईची आन. हद्दीवरच्या लिंबाखाली टांगा सोडायचा, घटकाभर थांबायचं आन् माघारी यायचं. टांगा दिसला की तुमी येनार. न्हाई दिसला की रस्ता मोकळा. न्हाईतर घोडी सोडून नेऊ म्हनले. घोडी गेली तर घरात चूल कशी पेटंल?"

शनिवारी बाजार होता. टांगा गावातच ठेवला, शुक्रवारपासून गिरणी जोरात चालू ठेवली. गिरणीतल्या जुन्या डायनॅमोवर बॅटऱ्या खरंच अर्ध्याच भरल्या होत्या. आता गिरणी न थांबवता त्या कशा भरायच्या, हे विचारायला मला उस्तादाच्या खोलीत जावं लागलं. दारातला शिपाई मी काढला. बॅटऱ्यांची सगळी हकिकत त्याला सांगितली. माफी मागितली नाही. फौजदार माफी मागत नसत. त्याने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "बॉनेट उघडून ठेवा. इंजिन बिघडलंय असं दाखवू आणि चालू ठेवू." ड्रायव्हर पान्हा घेऊन दिवसभर गाडीत डोकं घालून बसला आणि जमादार त्याला सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा शिव्या देत राहिला. मेव्हणाच असल्याने त्या कामात त्याचं मन रमलं.

शनिवारी उजाडण्यापूर्वी मी, उस्ताद, ड्रायव्हर आणि सहा शिपाई हद्दीजवळच्या एका घळीत गाडी लपवून बसलो. जमादार बारा माणसं आणि भाड्याची लॉरी घेऊन ठाण्यात. टोळी कुठल्या वाटेने उतरते ते आम्ही पाहायचं, वायरलेसवर कळवायचं आणि जमादाराने पुढून रस्ता अडवायचा. मागची वाट आमच्याकडे.

ऊन चढलं, कलायला लागलं. तीनच्या सुमारास मी टेकाडावरून दुर्बिणीने पाहिलं तर सात माणसं उतरत होती. पण आम्ही धरलेल्या ओढ्याने नाही, पलीकडून, खर्ड्याच्या रस्त्याकडे. त्याच रस्त्याला बाजारच्या गाड्या लागल्या होत्या. पहिल्या गाडीत बायका दिसत होत्या.

मी घळीत धावलो. उस्तादाने कळ दाबली, सेटवरच्या काट्याकडे पाहिलं आणि कळ सोडली.

"बॅटरी बसली, साहेब. पुरती भरलीच नव्हती. इंजिन लावावं लागेल."

टोळी जेमतेम अर्ध्या मैलावर होती. त्या उजाड माळावर इंजिनाचा आवाज मैलभर गेला असता. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. खरं सांगतो, सगळं माहीत असूनसुद्धा मनात आलंच: टोळीला सावध करायचं असेल, तर माणूस याहून वेगळं काय मागेल? एक शिपाई पुटपुटला, "साहेब, नको." उस्तादालाही माझ्या मनातलं कळलं. कानाला हेडफोन, हातात माईक, आणि नजर माझ्यावर.

"लाव," मी ड्रायव्हरला म्हणालो.

इंजिन भडाडलं. सातही माणसं जागच्या जागी थांबली आणि आमच्या दिशेला वळून पाहू लागली. उस्ताद मात्र रोजची हजेरी द्यावी तशा आवाजात बोलत होता. सात माणसं, खर्ड्याचा रस्ता, दुसऱ्या मैलाच्या दगडापाशी अडवा. पुन्हा एकदा तेच. मग त्याने कळ सोडली आणि डोळे मिटले.

"काय म्हणतात?"

"इंजिनाची खरखर आहे. ऐकू येत नाही. निरोप पोचला की नाही, सांगता येत नाही."

टोळीची हद्दीकडची वाट आमच्या मागे होती. आम्ही रांग धरून पुढे झालो, तशी ती खर्ड्याच्या रस्त्याकडे धावत सुटली. समोरच गाड्या होत्या. माझ्या हातात सात बंदुका आणि पायाखाली उखडलेला माळ. धावताना मी एकच गोष्ट पाहत होतो, रस्त्याचं ते वळण. तिथे काही दिसेना. बायकांच्या गाडीचा गाडीवान उठून उभा राहिला. पहिला दरोडेखोर बैलांच्या शिंगापर्यंत पोचला, आणि तेव्हा वळणावर धुरळा उठला. लॉरी थांबायच्या आत जमादाराने खाली उडी टाकली होती.

चकमक दहा मिनिटंही चालली नसेल. आमच्या एका शिपायाच्या मांडीत छर्रे घुसले. टोळीतले पाच जण धरले, दोन शेतांतून निसटले. गाडीतल्या कोणाला खरचटलंही नाही. कुऱ्हाडवाला सापडला. त्या हात गेलेल्या गाडीवानाने ओळखपरेडीत त्याच्यासमोर उभं राहून सांगितलं, "ह्योच." खटला उभा राहिला, सगळ्यांना शिक्षा झाल्या. टांगेवाल्याला मी साक्षीदार केलं.

चकमकीच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी मी हजेरीत उभा राहिलो. सरळ म्हणालो, फितूर कोणी नव्हतं, बातमी माझ्या हुकुमामुळे फुटत होती, आणि या माणसाला मी खोटं ठरवलं ती माझी चूक. वीस माणसं खाली पाहत होती. फौजदाराला असं बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, त्यांनाच लाजल्यासारखं झालं. नगरला दुसरा अहवाल पाठवला. साहेबांचं शाबासकीचं पत्र आलं, त्यात उस्तादाचं नावही होतं.

महिनाभरात त्याने बदलीचा अर्ज दिला. मी त्याला बोलावून खुर्ची दिली. तो बसला नाही. मी म्हणालो, "आता काय राहिलं? सगळ्यांसमोर चूक कबूल केली. माझा तुमच्यावर पूर्ण भरवसा आहे."

तो म्हणाला, "माहीत आहे, साहेब. माझा राग नाही. एकच विचार येतो. बाईसाहेबांचं दळण त्या दिवशी मिळालं असतं, तर आज मी कुठे असतो?"

पुढे वीस वर्षं मी चोर पकडले, जबान्या घेतल्या, अधिकाऱ्यांना तपास शिकवला. तपास म्हणजे पुरावा, असं त्यांना सांगत आलो. पण ज्याच्याविरुद्ध पुरावा नव्हता त्याला मी आठ दिवस कोंडलं होतं, आणि तो सुटला माझ्या हुशारीने नाही, योगायोगाने. त्या दिवशी मी त्याचा अर्ज पुढे ओढला आणि शिफारस लिहून सही केली.